आधी मागचे पाय

मित्रांनो, मला पाहिले की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "हा कोणता प्राणी?" कुणी मला हरीण म्हणते, कुणी बैल म्हणते. एका पाहुण्यांनी तर मला उंट ठरवले होते. मी कागदाच्या लगद्याचा एक जुना प्राणी आहे आणि माझ्यासारखा दुसरा प्राणी तुम्हाला कोणत्याही रानात सापडणार नाही. मी हातभर लांब आणि दीड वीत उंच आहे. माझे कान सुपासारखे रुंद आहेत, मान लांब आहे, खूर पसरट आहेत. मागचे दोन्ही पाय उभे आहेत, पुढचे गुडघे मात्र अजून जमिनीला टेकलेले आहेत. मी बसलेला नाही आणि उभाही नाही. मी उठतो आहे.

सोनईच्या एका शाळेत चित्रकलेच्या वर्गातल्या कपाटात मी राहतो. माझा जन्म मात्र नगरला झाला आणि तोही आधी कागदावर.

ते दुष्काळाचे साल होते. बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता. त्या वर्षी विजया नावाची वीस वर्षांची मुलगी नगरला चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम शिकत होती. तिचे वडील विष्णुपंत पुणतांब्याला शाळामास्तर होते. नगरला ती प्रेमलामावशीकडे राहत असे. तिचा हात चांगला होता. कोणतेही चित्र समोर ठेवा, ती हुबेहूब उतरवून देई. वर्गातल्या मुली तिच्याकडून वहीवर फुले काढून घेत.

डिसेंबर महिन्यात शामकांत सरांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक मोठे काम दिले. सर उंच, किडकिडीत होते आणि हळू बोलत. ते म्हणाले, "जगात नसलेला एक प्राणी तयार करायचा आहे. तो आपल्याच मुलखात राहतो. पाऊस नाही, चारा नाही, पाणी लांब आहे. अशा ठिकाणी तो जगला पाहिजे. आधी वहीभर अभ्यासाची चित्रं, मग समोरून, बाजूने आणि मागून त्याचं रूप, आणि शेवटी लगद्याची मूर्ती. एप्रिलमध्ये मुंबईचे परीक्षक येतील. या एका कामाला सगळ्यांत जास्त गुण आहेत."

विजया त्या दिवशी खुशीत घरी आली. रात्रीचे जेवण होण्याआधीच तिने मला कागदावर उतरवलेही. मित्रांनो, माझे ते पहिले रूप तुम्ही पाहिले असते तर मला ओळखलेच नसते. मला सिंहाचे तोंड होते, गरुडाचे पंख होते आणि शेपटीच्या जागी नाग होता. मावशीकडच्या कॅलेंडरावर अशीच काही जनावरे होती, त्यांचीच तिने सरमिसळ केली होती. मी दिसायला मोठा रुबाबदार होतो. मलाही माझा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बराच वेळ पाहिले.

"याला भूक लागते का?" त्यांनी विचारले.

विजया गोंधळली. "लागत असेल, सर."

"काय खातो?"

"मांस."

"कुणाचं? या मुलखात जनावरंच मरायला टेकली आहेत. आणि हे एवढे पंख हलवायला छातीत बळ लागतं, ती छाती कुठे आहे? सकाळी झोपेतून उठताना हा नागावर पाय देणार नाही का?"

वर्ग हसला. विजयाचे डोळे भरून आले. सर मऊ आवाजात म्हणाले, "तू चित्रावरून चित्र काढतेस, विजया. बाहेर जा. शहराबाहेर गुरांची छावणी लागली आहे. तिथे हजारो जनावरं आहेत. त्यांच्याकडे बघ आणि मग माझ्याकडे ये."

मी त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर उलटा पडलो. पण वही तीच होती, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले.

पुढच्या रविवारी विजया मावशीच्या यजमानांची सायकल घेऊन छावणीवर गेली. दुष्काळात ज्यांच्याकडे वैरण उरली नव्हती, त्यांनी आपली गुरे तिथे आणून बांधली होती. उघड्या माळावर खुंट्यांच्या रांगाच रांगा होत्या. उसाचे वाढे चारा म्हणून वाटले जाई आणि पाण्याचा टँकर आला की सगळी गुरे एकदम माना वर करत. विजया एका दगडावर बसली आणि समोरच्या बैलाचे चित्र काढू लागली. तो म्हातारा बैल होता, पांढऱ्या अंगावर कवडीएवढे करडे ठिपके असलेला.

बैलाजवळ एक बाई शेण भरत होती. पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. तिचे नाव साळूबाई. ती पाथर्डीकडच्या एका गावाहून आली होती. तिचा नवरा राधाकृष्ण दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि ती बैलाला सांभाळत छावणीवरच राही. बैलाचे नाव कवड्या. त्याचा जोडीदार उन्हाळ्यातच गेला होता.

"बाई, गुरांची मोजनी करताय काय?" साळूबाईने विचारले.

"नाही मावशी, चित्र काढते आहे."

"चितार? ह्याचा?" ती हसली. "ह्याचं तरुनपनी काढायचं हुतं. आता हाडंच राह्यलीत."

"मला हाडंच बघायची आहेत," विजया म्हणाली.

साळूबाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिले. मग शेणाची पाटी बाजूला ठेवून ती शेजारी येऊन बसली.

त्या दिवसापासून मी पान उलटत उलटत बदलत गेलो. माझे पंख गळाले, सिंहाचे तोंड गेले. उन्हाळ्यात अंग निववायला मोठे कान हवेत, हे विजयाने शेळ्यांकडे पाहून ठरवले. फुफाट्यात पाय रुतू नयेत म्हणून खूर पसरट झाले. कवड्याच्या वशिंडासारखे, पण पाठीवर पसरलेले, एक वशिंड मला मिळाले. पावसाळ्यात खाल्लेले त्यात साठवून ठेवायचे, असा तिचा बेत होता. प्रत्येक रविवारी ती साळूबाईला वही दाखवी आणि साळूबाई चुका काढी. चुका काढण्यात तिला फार रस होता.

"ह्याची मान आखूड झाली. खालचं गवत कसं खाईल? काय गुडघं टेकून खाईल?"

"डोळ्याला केस दे की जरा लांब. धूळ जाती डोळ्यात."

"लई चालावं लागंल ह्याला पान्यासाठी. मांड्या बारीक नको करू."

विजया सगळे ऐके आणि खोडरबर हातात घेई. त्या खोडरबराने माझ्या कित्येक माना पुसल्या.

एका रविवारी विजयाने मला झोपेतून उठताना काढले. सरांनी सांगितले होते, उभा प्राणी कुणीही काढील, काहीतरी करणारा काढ. चित्रात माझे पुढचे दोन पाय ताठ उभे होते आणि मागचा भाग जमिनीवर होता. चित्र ऐटदार दिसत होते. साळूबाईने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"ह्यो घोडा हाय काय?"

"का? काय चुकलं?"

"घोडा पुढून उठतो. गुराचं जनावर मागून उठतं. तू म्हनतीस ह्यो रवंथ करतो, पोट मोठं हाय. मंग ह्यो बैलावानी उठंल. आदी मागचे पाय."

"म्हणजे कसं?"

साळूबाईने इकडेतिकडे पाहिले. मग लुगड्याचा काष्टा नीट खोचला आणि सरळ जमिनीवर बसकण मारली. हात कोपरात दुमडून पुढे घेतले, कोपरांवर भार घेतला आणि मान झटक्याने पुढे काढत आधी कंबर वर उचलली. मग एक हात, मग दुसरा हात. आजूबाजूचे लोक हसू लागले. एक म्हातारा ओरडला, "साळूबाई, दावं बांधू का?"

"बांध की!" ती तशीच ओणवी राहून म्हणाली. "पर आदी वैरन टाक!"

विजया हसत नव्हती. तिची पेन्सिल भराभर चालली होती. मित्रांनो, माझे आजचे रूप त्या पानावर जन्माला आले. मी कवड्यावरून काढलेला आहे, असे सगळे म्हणतात आणि ते खरेच आहे. पण माझे उठणे साळूबाईचे आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी एके सकाळी विजया छावणीवर पोचली, तेव्हा कवड्याभोवती माणसे जमली होती. कवड्या आडवा पडला होता. तो मान उचली आणि पुन्हा टाकून देई. साळूबाई त्याच्या तोंडाशी बसून त्याला हाका मारत होती. चौघे जण त्याच्या पोटाखालून पोत्यांची पट्टी सरकवत होते.

विजयाने सवयीने वही उघडली. साळूबाईने वर पाहिले.

"पोरी, चितार मागनं काढ. शेपटीला धर."

विजयाने वही धुळीत टाकली. मी पालथा पडलो, त्यामुळे पुढचे मला नुसते ऐकू आले. "हां, हां, उचल! कवड्या, ऊठ रं माझ्या राजा! आदी मागचं! मागचं!" माणसांचे धापा टाकणे, खुरांनी माती खरवडल्याचा आवाज, आणि मग एकदम सगळ्यांचा मोठा सुस्कारा. कुणीतरी वही उचलली तेव्हा कवड्या उभा राहिला होता. त्याचे चारही पाय थरथरत होते. विजयाच्या दोन्ही तळहातांना शेपटीच्या केसांनी वळ उठले होते. ती धुळीतच बसून राहिली. एवढ्या वाळलेल्या जनावराचेही किती ओझे असते, हे तिला त्या दिवशी कळले.

त्यानंतर ती छावणीवर गेली नाही. परीक्षा जवळ आली होती आणि माझी मूर्ती करायची होती.

लगदा करणे हे किचकट काम असते. विजयाने घरातली सगळी जुनी वर्तमानपत्रे घमेल्यात भिजत घातली, चार दिवसांनी ती कुटली, चिंचोक्याची खळ शिजवून त्यात कालवली. किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घातला. खळीसाठी मावशीचे पातेले गेले, तेव्हा प्रेमलामावशी म्हणाली, "या घरात आता माणसांनी जेवायचं की तुझ्या जनावराने?" पण दुसऱ्या दिवशी तिनेच आणखी चिंचोके भाजून फोडून दिले. बांबूच्या कामट्या आणि तार यांची हाडे झाली, त्यावर सुतळी गुंडाळली आणि मग थरावर थर लगदा चढला. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावे लागे. मांड्या घडवताना विजया पुन्हा पुन्हा आपल्या तळहातांकडे पाही, जणू ते ओझे तिथेच ठेवले होते. शेवटी गेरू, चुना आणि काजळीचे रंग दिले. मी तयार झालो.

एप्रिलमध्ये मुंबईचे परीक्षक आले. टेबलांवर सगळ्यांचे प्राणी मांडले होते. त्यांत दोन डोक्यांचा वाघ होता, मासळीच्या अंगाची गाय होती. परीक्षक एकेक पाहत माझ्यापाशी आले आणि थांबले. खाली वाकले. मागे जाऊन पाहिले. पुन्हा समोर आले.

"हा खरोखर उठतो आहे," ते म्हणाले. "वजन दिसतं याचं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर बोट ठेवले. "पण हे काय? इथे कातडी जाड, काळी पडलेली दाखवली आहे. हा तर जुवाचा घट्टा. रानातल्या प्राण्याला कुणी नांगराला जुंपलं?"

विजयाचा चेहरा उतरला. कवड्याचा खांदा पाहून पाहून तिने मला घडवले होते आणि घट्टाही तसाच उतरला होता. तिच्या ते ध्यानातही आले नव्हते.

"चूक झाली, सर."

"असू दे. एवढी एकच चूक आहे. आता सांग, उठण्याची ही तऱ्हा तुला कुणी सुचवली?"

शामकांत सर दाराशी उभे होते. विजयाने एकदा माझ्याकडे पाहिले.

"मीच पाहून काढली," ती म्हणाली.

हे अगदी खोटे नव्हते. तिने पाहिले होते आणि काढलेही होते. पण त्या वाक्यात साळूबाई कुठेच नव्हती, आणि मला तोंड असूनही बोलता येत नव्हते.

विजया वर्गात पहिली आली. डिसेंबरमध्ये मुंबईला विद्यार्थ्यांचे मोठे प्रदर्शन भरणार होते आणि त्यासाठी आमच्या विद्यालयातून माझी निवड झाली. विष्णुपंतांनी पुणतांब्याला पेढे वाटले. माझा फोटो काढला गेला. लोक मला पाहायला येत आणि विजयाला म्हणत, "काय कल्पना सुचली तुला!" पहिल्या काही वेळा ती हसली. नंतर ती विषय बदलू लागली. पुढे पुढे कुणी मला पाहायला आले की ती खोलीतून बाहेरच जाई.

पावसाळा बरा झाला होता. छावण्या कधीच उठल्या होत्या आणि गुरे आपापल्या गावी गेली होती. दसऱ्याच्या आधी एक दिवस विजयाने मला जुन्या साडीत गुंडाळले, मांडीवर घेतले आणि ती पाथर्डीच्या एसटीत बसली. साळूबाईच्या गावाचे नाव तिला ठाऊक होते. फाट्यावर उतरून ती दोन मैल चालली. दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती. वाटेत ती मनाशी काहीतरी पुटपुटत होती, पाठांतर केल्यासारखे.

साळूबाई अंगणात शेंगा वाळत घालत होती. विजयाला पाहून तिला फार आनंद झाला. "अगं बया, चितारवाली पोर! आवो, पानी आना!" तिने राधाकृष्णाला हाक मारली. विजयाने साडी सोडली आणि मला ओट्यावर ठेवले.

साळूबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने कान पाहिले, खूर पाहिले. "मान बरी केलीस," ती म्हणाली. मग तिचा हात माझ्या खांद्यावरून फिरला आणि घट्ट्यावर थांबला. तो तिथेच राहिला. परीक्षकांचे बोटही तिथेच टेकले होते, पण हा हात वेगळा होता.

"मावशी, कवड्या कुठे आहे?" विजयाने विचारले.

"ग्येला. छावनी उठायच्या आठ दिस आदी." साळूबाईने हात काढला नाही. "उठवत हुतो समदे. न्हाई उठला."

गोठ्यात एक नवी जोडी बांधलेली होती. विजया बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिने जे पाठ केले होते ते सगळे विसरून ती एकदम बोलली.

"मावशी, मला पहिला नंबर मिळाला. साहेबांनी विचारलं होतं की असं उठणं कुणी सुचवलं. मी तुमचं नाव नाही सांगितलं. मीच काढलं म्हणाले."

"नाव सांगून मला काय पेन्शन मिळनार हाय?" साळूबाई म्हणाली. मग तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "पर त्यानं इचारलं हुतं, व्हय?"

"हो."

"मंग सांगायचं हुतं."

एवढेच ती बोलली. आवाजात राग नव्हता. ती उठली आणि चुलीकडे गेली. आतून आवाज आला, "भाकरी टाकते. जेवल्याबिगर जायचं न्हाई." विजया ओट्यावर माझ्याशेजारी बसली आणि तिने पदराने डोळे पुसले. नंतर ती भाकरी आणि शेंगांची चटणी पोटभर जेवली.

नगरला परत येताच ती शामकांत सरांकडे गेली आणि तिने सगळे सांगितले. सरांनी ऐकून घेतले. त्यांच्यापुढे मुंबईच्या प्रदर्शनाचा अर्ज होता.

"यात एकाच विद्यार्थ्याचं नाव चालतं," ते म्हणाले. "तसा नियम आहे."

"मी दोन लिहिणार, सर."

"परत येईल."

"येऊ दे."

सरांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. "लिही तर मग. परीक्षकांना मी स्वतः पत्र टाकतो."

परीक्षकांनी गुण कमी केले नाहीत, पण त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते आणि त्यात माझ्याविषयी एकही शब्द नव्हता. मुंबईहून अर्जही परत आला. माझ्याऐवजी आमच्या विद्यालयाने दोन डोक्यांचा वाघ निवडला. खरे सांगतो मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मुंबई पाहायची मला हौस होती. मी विजयावर रुसलोसुद्धा.

त्यानंतर मला कुणी पाहायला आले नाही. अर्जासोबत मला विद्यालयात जमा केले होते; तिथल्याच अडगळीच्या खोलीत, चित्राच्या फळ्या टेकवायच्या मोडक्या घोड्यांच्या आणि प्लास्टरच्या घनगोलांच्या मागे मला ठेवले गेले. शिपाई माझ्या पाठीवर झाडू ठेवी. चिंचोक्याची खळ उंदरांना आवडते. मोरचूद असूनही एकाने माझ्या डाव्या कानाचा काठ कुरतडला. दोन महिने मी अंधारात काढले. कौतुक किती लवकर विसरले जाते, ते मी तिथे शिकलो. आपल्याला जपणारे माणूस जवळ असेल तोवरच आपण मूर्ती असतो, नाहीतर नुसता कागद.

दिवाळीनंतर विजयाला सोनईच्या शाळेत चित्रकला शिक्षिकेची नोकरी लागली. डिसेंबर संपता संपता ती मला न्यायला आली. माझी दशा पाहून तिने आधी माझ्या अंगावरची धूळ पुसली. तिने मला उन्हात ठेवले, कानाला नवा लगदा लावला, रंग दिला. मग विचारात पडून माझ्या खांद्याकडे पाहिले. तिथला घट्टा खरवडून टाकायचे एवढेसेच काम होते. चूक दुरुस्त झाली असती. तिने कानस हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

जानेवारीत शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि त्यात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन. विजयाने मला मधल्या टेबलावर ठेवले आणि आठ दिवस आधी एक पोस्टकार्ड पाथर्डीकडे पाठवले. साळूबाई येईल असे तिला वाटत नव्हते. पण संमेलनाच्या दिवशी दुपारी साळूबाई आणि राधाकृष्ण शाळेच्या फाटकातून आत आले. तिने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते आणि राधाकृष्णाच्या हातात शेंगांची पिशवी होती.

मुलांची गर्दी होती. विजयाने साळूबाईचा हात धरून तिला माझ्यापर्यंत आणले. माझ्यापुढे पांढऱ्या पुठ्ठ्याचे एक कार्ड होते.

"मावशी, इथे तुमचं नाव लिहिलं आहे."

"कुठं?"

"हे बघा."

साळूबाईने बोट टेकवले. ते विजयाच्या नावावर पडले. विजयाने ते बोट धरून खालच्या ओळीवर नेले आणि अक्षराअक्षरावरून फिरवले. "सा. ळू. बा. ई."

"असं दिसतं व्हय माझं नाव?" साळूबाई अचंब्याने म्हणाली. तिने नवऱ्याला जवळ ओढले. "आवो, बघा. छावनीच्या वहीवर नुसताच अंगठा घ्यायचे. नाव कुनी दावलंच न्हाई." राधाकृष्णाने मान हलवली. त्यालाही वाचता येत नव्हते, पण तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला.

साळूबाईने पुन्हा एकदा बोट फिरवले. मग कार्डाच्या खालच्या मोकळ्या भागाकडे पाहून तिने विचारले, "आन कवड्याचं?"

विजया वळली, शेजारच्या टेबलावरचा ब्रश उचलला, काळ्या रंगात बुडवला आणि सगळ्या मुलांसमोर तिसरी ओळ लिहिली. रंग ओला होता. साळूबाईने बोट लावले नाही. ती तो वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्यानंतर विजयाबाईंनी त्या शाळेत सदतीस वर्षे चित्रकला शिकवली. दर वर्षी त्या मुलांना मला दाखवत आणि मग वह्या घेऊन बाहेर पाठवत, कुणी बाजारात जाई, कुणी गोठ्यात. त्या निवृत्त झाल्या. साळूबाई त्याच्याही आधी गेली. आता माझे रंग उडाले आहेत, पुढच्या एका गुडघ्याला तडा गेला आहे आणि कपाटाची काच कधीमधीच पुसली जाते. कार्ड पिवळे पडले आहे, पण तिन्ही ओळी वाचता येतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखे कुणीतरी धूळ खात पडले असेल. त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, मऊ फडक्याने पुसा, एवढे पुरते. आणखी एक मागणे आहे. तुम्ही चांगले काही कराल तेव्हा लोक विचारतील, हे तुला कुणी शिकवले? त्या वेळी नाव सांगा. ते माणूस ऐकायला असेल तोवर सांगा. कुणी विचारले नाही, तरी सांगा.